एकोणिसाव्या अक्षांशावरून बीडकडे

मुंबई आणि बीड ही दोन्ही शहरं जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. मुंबई १९.०७ अंश उत्तर, बीड १८.९९. मधलं सरळ अंतर तीनशे किलोमीटरच्या आसपास. मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस सूर्य दोन्हीकडे बरोबर डोक्यावर येतो. शाळेच्या भूगोलात पृथ्वीवर जे आडवे पट्टे रंगवलेले असतात, उष्ण, समशीतोष्ण आणि शीत, त्यांत ही दोन्ही गावं एकाच रंगात येतात. तरीही मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि बीडला साडेसहाशे-सातशे. हा फरक नेमका कुठे पडतो, ते मला झाडांत, पिकांत आणि मातीत बघायचं होतं. म्हणून जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, सूर्य याच अक्षांशावर असताना, मी कल्याणहून पहाटे निघालो.

मुरबाड सोडलं तेव्हा उजाडलं होतं, पण सूर्याचा पत्ता नव्हता. दोन्ही बाजूंच्या खाचरांत भाताची लावणी चालली होती. गुडघाभर चिखल, वाकलेल्या पाठी, पाठीवर प्लास्टिकचे कागद. इथली माणसं पाऊस येईल का, असं विचारत नाहीत. लावणी उरकेपर्यंत तो जरा थांबेल का, असं विचारतात. टोकावड्याच्या पुढे समोरचा डोंगर पूर्ण ढगात गेलेला होता आणि माळशेज घाट चढायला लागल्यावर आम्हीच ढगात शिरलो. कड्यावरून येणारं पाणी थेट रस्त्यावर पडत होतं. कातळाला शेवाळ, त्यावर तेरडा, वर करवीची दाटी.

या भिंतीपाशी जे घडतं ते बीडचं नशीब ठरवतं. अरबी समुद्रावरून आलेला नैर्ऋत्य मोसमी वारा कोकणात शिरतो आणि सह्याद्रीला अडतो. पुढे जायचं तर त्याला वर चढावं लागतं. वर हवेचा दाब कमी, त्यामुळे चढणारी हवा पसरते आणि थंड होते. थंड हवेला तेवढी वाफ धरून ठेवता येत नाही, म्हणून ती वाफ ढग होऊन घाटमाथ्यावर कोसळते. महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो तो यामुळेच. माथा ओलांडला की वारा पठारावर उतरू लागतो, आणि उतरणारी हवा तापते. कोरडी हवा एक किलोमीटर खाली आली की सुमारे दहा अंशांनी गरम होते. उरलेसुरले ढग त्या उबेत विरतात.

पुस्तकात पर्जन्यछाया म्हणून वाचलेली ही गोष्ट माळशेजच्या पलीकडे डोळ्यांनी दिसते. पिंपळगाव जोगा धरणाच्या काठाने जाताना पाऊस होता. ओतूरला भुरभुर उरली. आळेफाट्याला रस्ता कोरडा होता. आणे घाट चढून टाकळी ढोकेश्वरकडे उतरलो तेव्हा भात कधीच मागे पडला होता आणि शेतांत बाजरी, मूग, कांद्याची रोपं दिसत होती. ढग डोक्यावर होते, भराभर पूर्वेकडे पळत होते, पण गळत नव्हते. दोन-अडीच तासांच्या रस्त्यात आपण एका हवामानातून दुसऱ्यात येतो. अक्षांश जागचा हललेला नसतो.

अहिल्यानगरला थांबलो नाही. तिथून जामखेडच्या रस्त्याला लागलो आणि बीड जिल्ह्याची हद्द ओलांडून आष्टी तालुक्यातल्या कड्याला पोचलो. साडेबारा वाजून गेले होते. ढगांत फट पडली आणि ऊन आलं. टपरीसमोर रोवलेल्या वाशाची सावली त्याच्या बुंध्यापाशीच संपली होती. त्याच घटकेला मुंबईतही सूर्य डोक्यावर होता. तिथे तो कुणाला दिसला असेल असं वाटत नाही.

टपरीच्या बाकावर साठी ओलांडलेले एक शेतकरी बसले होते. कापूस, बाजरी, थोडा उडीद, असं त्यांचं रान.

"मामा, पाऊस कसाय औंदा?" मी विचारलं.

"मिरगात पेरलं. तरण्यानं जरा हात दिला. ह्या म्हाताऱ्यात थेंब न्हाई," ते म्हणाले. पुनर्वसू नक्षत्राचा तो तरणा पाऊस आणि पुष्याचा म्हातारा. "आभाळ रोज येतं. वारं त्याला पुढं ढकलतं."

"मग भरवसा कशाचा?"

"उत्राचा न् हस्ताचा. आमचा पाऊस तिकडून येतो." त्यांनी हात पूर्वेकडे केला.

हवामानशास्त्र हेच सांगतं. सप्टेंबरात, म्हणजे उत्तरा-हस्ताच्या सुमारास, बंगालच्या उपसागरावर कमी दाबाची क्षेत्रं तयार होतात, पश्चिमेकडे सरकतात आणि मराठवाड्यावर पाऊस पाडतात. या ढगांना सह्याद्री आडवा येत नाही, ते दुसऱ्या बाजूने आलेले असतात. म्हणूनच मुंबईचा पाऊस जुलैत भरात असतो, तर या पट्ट्याची मदार सप्टेंबरवर असते. त्या पावसाची ओल काळ्या मातीत मुरते आणि तेवढ्या ओलीवर रब्बीची ज्वारी उभी राहते, पुढे थेंब पडला नाही तरी. जिल्ह्याच्या पूर्वेला अंबाजोगाई-परळीकडे पाऊस आष्टीपेक्षा जास्त असतो, कारण ती बाजू सह्याद्रीच्या छायेपासून दूर आहे.

पण तोच सप्टेंबर घातही करतो. २०२५ च्या सप्टेंबरात याच कडा-आष्टी भागात असा पाऊस झाला की पुरात अडकलेल्या माणसांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावं लागलं. मामांनी नदीच्या काठची माती खरवडून गेलेली दाखवली. आणि लगेच १९७२ च्या दुष्काळावर आले. तेव्हा ते पोरसवदा होते. खडी फोडायला गेलेली आई, सुकडी, लाल मिलो, सगळं त्यांनी सांगितलं. पूर आणि दुष्काळ एकाच बाकावर, एकाच माणसाच्या तोंडून ऐकताना मला वाटलं, या भागाचा सरासरी पाऊस किती हा प्रश्नच अपुरा आहे. अर्धशुष्क हवामानाचं खरं लक्षण त्याच्या चढउतारात असतं. जिथे पाऊस मुळात कमी, तिथे तो वर्षागणिक बेभरवशाचाही असतो. जगभर असंच आहे. अशा ठिकाणी नेमका सरासरीइतका पाऊस पडलेलं वर्ष अपवादानेच येतं.

आष्टी मागे टाकलं तशी बांधावर हिवर, बाभूळ आणि तरवड दिसू लागले. बारीक पानं, काटे, पिवळी फुलं. अशी झाडं बघितली की व्लादिमिर क्योपेनची आठवण होते. रशियात जन्मलेला हा जर्मन शास्त्रज्ञ मुळात वनस्पतींचा अभ्यासक. १८८४ पासून त्याने जगाच्या हवामानाचे विभाग पाडायला घेतले, आणि त्याची श्रद्धा अशी की हवामानाचा सर्वांत खरा पुरावा म्हणजे तिथे आपोआप उगवणारं झाड. आजही शाळा-कॉलेजांत त्याचेच विभाग शिकवतात. त्यातला एक हिशेब मला फार मोलाचा वाटतो. कोरडा प्रदेश कोणता हे तो नुसत्या पावसावरून ठरवत नाही, उष्णतेशी ताडून ठरवतो. पाऊस मुख्यतः उन्हाळी सहामाहीत पडत असेल तर वार्षिक सरासरी तापमानाला वीसने गुणायचं आणि त्यात २८० मिळवायचे. बीडचं सरासरी तापमान २६ अंश धरलं तर आठशे येतात. पाऊस आठशेच्या खाली असला तर प्रदेश कोरडा, चारशेच्याही खाली गेला तर वाळवंट. बीड या दोहोंच्या मधे बसतं: उष्ण, अर्धशुष्क.

आता लंडन घ्या. तिथे वर्षाला सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे बीडला लंडनपेक्षा पाऊस कमी नाही! पण लंडनचं सरासरी तापमान अकरा अंशांच्या घरात आणि पाऊस बारा महिन्यांत विखुरलेला. पडलेलं पाणी जमिनीत राहतं, गवत हिरवं राहतं. आपल्याकडे चाळीसेक दिवसांत सगळा पाऊस पडून जातो आणि उरलेलं वर्षभर ऊन ते पाणी उचलून नेतं. त्यातून खाली बेसॉल्टचा कातळ. भेगा असतील तिथेच पाणी धरणारा.

जामखेडपुढे रस्ता बालाघाटाच्या डोंगरात चढतो आणि सौताडा येतं. इथे विंचरणा नदी एका खोल दरीत उडी घेते, खाली रामेश्वराचं देऊळ आहे. धबधब्याला धार होती, पण बारीक. सकाळी माळशेजला एकेका कड्यावर याच्या कितीतरी पट पाणी बघितलं होतं. मी दरीच्या काठावर बराच वेळ उभा राहिलो. आजूबाजूला सीताफळीची झुडपं खडकातून वर आलेली होती, हिरवीगार, छोटी फळं धरलेली. बालाघाटाचं सीताफळ नावाजलेलं आहे आणि बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. मुरमाड, उथळ, कोरड्या जमिनीत ते आपोआप येतं, उन्हाळ्यात पानं गाळतं आणि पहिल्या पावसाला पुन्हा फुटतं. क्योपेनला हे झाड दाखवलं असतं तर त्याला बाकी काही विचारावं लागलं नसतं.

पाटोद्याकडे पठारावर आलो आणि वाऱ्याने गाडीचं दार उघडेना. माळावर पवनचक्क्या उभ्या होत्या आणि सगळ्या जोरात फिरत होत्या. हा तोच वारा. पहाटे मुरबाडच्या खाचरांवर पाणी ओतत होता, घाटमाथ्यावर त्याने ओझं उतरवलं, आणि इथे तो रिकाम्या हाताने पण पूर्ण वेगाने पोचला होता. मोसमी वाऱ्यातलं पाणी घाटाला मिळतं, वेग बालाघाटाला. या वेगाची वीज होते. गावाला तिचा किती वाटा मिळतो, हा प्रश्न मात्र इथल्या माणसांनी विचारत राहायलाच हवा.

या वाऱ्यावर रुसून चालणार नाही, कारण तो नसता तर काय झालं असतं तेही याच अक्षांशावर दिसतं. विषुववृत्तापाशी तापून वर गेलेली हवा उत्तरेला आणि दक्षिणेला तिसाव्या अंशाच्या आसपास खाली उतरते, आणि त्या उतरत्या हवेखाली जगातली मोठी वाळवंटं पसरली आहेत. बीडच्या रेघेवर पश्चिमेला गेलं तर सुदानच्या किनाऱ्यावर पोर्ट सुदान लागतं, समुद्रकाठी असूनही जवळपास वाळवंट. पुढे सगळं सहारा. विषुववृत्ताच्या दक्षिणेला जवळपास तेवढ्याच अंतरावर चिलीतलं आरिका आहे. समोर अख्खा पॅसिफिक महासागर, पण किनाऱ्याने वाहणारा थंड हम्बोल्ट प्रवाह हवेला वर चढूच देत नाही. तिथे वर्षाला सरासरी एक मिलिमीटरही पाऊस पडत नाही. मेक्सिको सिटी १९.४ अंशांवर आहे, पण सव्वादोन हजार मीटर उंचीवर, म्हणून थंड. हवाई बेटावर तर आपल्यासारखीच गोष्ट आहे: वाऱ्याच्या बाजूला हिलोमध्ये तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि डोंगरापलीकडच्या किनाऱ्यावर अडीचशेच्या आसपास. सूर्य सगळ्यांना सारखाच. बाकी सारं डोंगर, समुद्र, उंची आणि वारा ठरवतात. उन्हाळ्यात तापलेली आशियाची जमीन आणि हिमालय-तिबेटचं पठार मोसमी वाऱ्याला इतक्या लांब ओढून आणतात, म्हणून बीडचं वाळवंट झालेलं नाही.

समुद्र दूर असण्याचाही हिशेब असतोच. मे महिन्यात मुंबई तेहतीस-चौतीस अंशांवर थांबते, बीड चाळिशी पार करतं. डिसेंबरच्या रात्री बीडला हुडहुडी भरते.

मांजरसुंब्याहून बीडकडे उतरल्यावर रस्त्यालगत खजाना विहीर आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस, निजामशाहीच्या काळात, सलाबतखानाने ती बांधवली. बांधणारा राजा भास्कर, असं सांगतात. वर्तुळाकार, दगडी, आत उतरायला पायऱ्या. जमिनीखालच्या भुयारांतून पाणी आत येतं आणि दुसऱ्या भुयाराने शेतांकडे जातं. उपसायला मोट नको, पंप नको, फक्त उतार. पाणी झाकलेलं, म्हणून उन्हाला ते सहज उचलता येत नाही. चारशे वर्षांपूर्वीच्या या माणसांनी इथलं हवामान नीट वाचलं होतं, याबद्दल मला शंका नाही. आणि त्याच जिल्ह्यात आज दीड ते अडीच हजार मिलिमीटर पाणी मागणारा ऊस धरणाच्या आणि बोअरच्या जिवावर वाढवला जातो, याचं मला वाईट वाटतं. शेतकऱ्याला दोष देत नाही. हमखास विकलं जाणारं दुसरं पीक त्याच्या हातात नाही. पण पाण्याचं नियोजन करणाऱ्यांना हा आकडा ठाऊक असतो.

विहिरीजवळ एक आजोबा शेळ्या चारत होते. मुलगा-सून दरवर्षी ऊसतोडीला जातात, सांगली-कोल्हापूरकडे. मी त्यांना माळशेजचा पाऊस सांगितला, तर ते म्हणाले, तिकडच्या नद्या त्यांनीही बघितल्यात. तरुणपणी वीस हंगाम त्यांनी स्वतः कोयता चालवला. मला तोवर हा दुवा लागला नव्हता. सह्याद्रीवर सांडलेलं पाणी कृष्णा-कोयना-पंचगंगेतून पठारावर उतरतं, तिथे त्याचा ऊस होतो, आणि पर्जन्यछायेतली माणसं तो तोडायला पाण्यामागे जातात. ज्या डोंगराने त्यांचा पाऊस अडवला, त्याच्याच पायथ्याला सहा महिने त्यांची पालं पडतात.

"औंदा कधी निघणार?" मी विचारलं.

"दसरा झाला की. मुकादमानं आखाडातच उचल दिलीय," ते म्हणाले. "पर उत्रा-हस्तात चांगला पडला तर एकटा पोरगा जाईल. सून ज्वारी बघंल, नातवाची शाळा बुडायची न्हाई."