विषाची पकड
गोंदिया जिल्ह्यात धानाच्या बांध्यांलगतच्या वस्त्यांत पावसाळ्याच्या रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावली, तर दंशाच्या जागी वेदना वा सूज बहुधा नसते. काही तासांनी पापण्या जड होतात, गिळणे-बोलणे अवघड होते, श्वासाचे स्नायू दुबळे पडतात आणि शुद्ध मात्र पुष्कळदा शाबूत असते. हा घाव मज्जातंतू आणि स्नायू जिथे भेटतात त्या सांध्यावर पडतो. तंतूने सोडलेले ॲसिटिलकोलिन स्नायूवरच्या ज्या ग्राहीला भिडते, तो ग्राही स्वतःच एक आयनवाहिनी असतो, म्हणजे विद्युतभारित कणांना पेशीच्या पटलातून वाट देणारे, उघडमीट करणारे प्रथिनाचे छिद्र.

तैवानमध्ये चांग आणि ली यांनी 1963 मध्ये मण्यारीच्याच कुळातील एका जातीच्या विषातून अल्फा-बंगारोटॉक्सिन वेगळे केले. 74 अमिनो आम्लांचे हे पेप्टाइड या ग्राहीला इतके घट्ट धरते की, त्यावर किरणोत्सारी आयोडीनची खूण चढवून ग्राही मोजता आले आणि पुढे शुद्ध स्वरूपात काढताही आले. परंतु त्याच विषातले बीटा-बंगारोटॉक्सिन तंतूची टोकेच निकामी करते, त्यामुळे कच्च्या विषाच्या परिणामावरून एकेका वाहिनीविषयी निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते, आणि म्हणूनच शुद्धीकरण हे या विद्येचे निम्मे अंग मानावे लागते.

महाराष्ट्रातल्या लाल विंचवाने हीच गोष्ट अधिक ठळक केली. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन देऊन ज्या हृदयविकाराशी झुंज दिली, तो मुख्यतः सोडियम वाहिन्यांना उघडे ठेवणाऱ्या पेप्टाइडांमुळे होतो; त्याच विषातून 1990 मध्ये शुद्ध झालेले, 37 अमिनो आम्लांचे आयबेरिओटॉक्सिन मात्र कॅल्शियमने उघडणारी, मोठ्या प्रवाहाची पोटॅशियम वाहिनी तेवढी रोखते. काचनळीच्या मायक्रॉनभर टोकाने पटलाचा तुकडा धरून एकाच वाहिनीचा प्रवाह नोंदवला, तर आलेखावर पायऱ्या चढत-उतरत असतात. पेप्टाइड घालताच रेषा एकाएकी सपाट होते आणि कित्येक मिनिटांनी पायऱ्या पुन्हा सुरू होतात. तो सपाट काळ म्हणजे एका रेणूचा वाहिनीच्या मुखाशी झालेला मुक्काम. याच घाटाच्या कॅरिब्डोटॉक्सिनच्या बाबतीत पेशीच्या आतल्या बाजूचे पोटॅशियम वाढवले की रेणू लवकर सुटतो, कारण आतून येणारा आयन छिद्रात रुतलेल्या, 27व्या स्थानावरच्या धनभारित लायसिनला बाहेर लोटतो. त्या जागी भाररहित अमिनो आम्ल घातले की हा परिणाम नाहीसा होतो. 1998 मध्ये पोटॅशियम वाहिनीची त्रिमित रचना दिसण्यापूर्वीच तिच्या मुखाचा अंदाज बांधता आला, तो अशा नोंदींच्या बळावर.

अभ्यासकाची खरी कसोटी त्या सपाट रेषेपाशी लागते. धनभारित पेप्टाइड काचेला आणि प्लास्टिकला चिकटून कमी होते, म्हणून द्रावणात थोडे अल्ब्युमिन मिसळावे लागते. आणि धुऊन काढल्यावर, भरपूर वेळ देऊनही, पायऱ्या परतल्या नाहीत तर ती नोंद बाजूला ठेवावी लागते, कारण मेलेली वाहिनीही अशीच सपाट रेषा काढते.