सुट्या भागांचा बाजार

वॉशिंग्टनहून डलेस विमानतळाच्या दिशेने मोटार हाकली की व्हर्जिनियातले शँटिली लागते. रुंद रस्ते, आखीव घरे आणि एक अवाढव्य प्रदर्शनगृह. तेथे वर्षातून काही वेळा बंदुकांचा बाजार भरतो. बाजार म्हणताच डोळ्यांपुढे गुंडपुंड आणू नका. तिकीट काढून शिरणारे आजोबा, कडेवर मूल घेतलेले बाप, हातात कॉफीचे पेले. सारे कसे घरगुती!

२०१२ चा हिवाळा मात्र निराळा होता. १४ डिसेंबरला कनेटिकट राज्यातील न्यूटाउन येथे, सँडी हुक शाळेत, एका तरुणाने २० मुले आणि ६ मोठी माणसे गोळ्या घालून मारली. सरकारात नव्या कायद्याची भाषा सुरू झाली, आणि देशभर बंदुकांच्या दुकानांपुढे रांगा लागल्या. बंदूक घेणाऱ्याची जी पूर्वचौकशी होते, तिचा आकडा त्या एका महिन्यात २७ लाखांवर गेला.

पण पुष्कळांना अख्खी रायफल नकोच होती. एआर-१५ जातीची रायफल सुटी सुटी घेऊन घरच्या टेबलावर जुळवता येते. नळी, दस्ता, चाप, स्प्रिंगा हे सारे टपालाने घरपोच येते. कुणी नावही विचारत नाही. कायद्याच्या लेखी बंदूक म्हणजे फक्त खालचा सांगाडा, ज्यात चाप बसतो तो. क्रमांक त्याच्यावर, चौकशी त्याच्यासाठी. (आपल्या १९५९ च्या शस्त्र-कायद्याने शस्त्राच्या भागांनाही शस्त्रच मानले आहे. खंडेनवमीला पूजेत मांडलेली आजोबांची बंदूक परवान्याशिवाय घरात राहत नाही, ती याच कायद्यामुळे!)

शिवाय लोकांना जुना अनुभव होता. १९९४ साली अशा रायफलींवर आणि दहांहून अधिक गोळ्यांच्या मॅगझिनांवर दहा वर्षांची बंदी आली. पण आधी बनलेला माल वैधच राहिला आणि त्याचा भाव वधारला. २००४ साली ती बंदी सरली, धडा मात्र राहिला. तारखेच्या आत जे घरात, ते आपले!

माझ्या भाच्याच्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहत. मृदू बोलणे, अंगणात पाखरांसाठी दाण्यांचे भांडे. त्यांनी असा एक सांगाडा आणि चापाचा संच आणून तळघरात ठेवला होता.

“जुळवणार केव्हा?” मी विचारले.

“घाई नाही. उद्या मिळणार नाही, म्हणून आज घेतले.”

“आणि त्या शाळेतली मुले?”

त्यांची नात पहिलीत होती, त्या मुलांच्याच वयाची. ते बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले. मग म्हणाले, “तिच्यासाठीच तर घेतले.”

यावर मी काय बोलणार? ते मनापासून बोलत होते, आणि न्यूटाउनचे आईबापही मनापासूनच वॉशिंग्टनच्या पायऱ्या झिजवत होते.

१७ एप्रिल २०१३ रोजी सिनेटात बंदीची सूचना ४० विरुद्ध ६० मतांनी पडली. न्यूयॉर्क आणि कनेटिकट या राज्यांनी आपापले कायदे कडक केले. व्हर्जिनियात त्या वर्षी तशी बंदी आली नाही. पुढे मालाची टंचाई संपली, भाव उतरले. शेजाऱ्यांचे खोके तळघरात तसेच होते; नळी घ्यायची अजून राहिली होती.