सगळं धरून 33!

माझा दादा सॉफ्टवेअरवाला. कम्प्युटरपासून कुकरच्या शिट्टीपर्यंत सगळ्यावर त्याची मतं तयार! परवा त्यानं ऐकवलं, "एका एसएमएसमध्ये इंग्रजी अक्षरं 160 मावतात, मराठी फक्त 70. इंग्रजी अक्षराला 7 बिट पुरतात, देवनागरीला 16 लागतात. वर काना-मात्रे सुटे मोजतात. एकटा 'क्ष' तिघांची जागा खातो!"

"म्हणूनच आईला मी रोमनमध्ये लिहिते," मी शहाणपणा केला.

"आणि ती शेजारच्या पोरीकडून वाचून घेते. विचारलंस कधी?"

नव्हतं विचारलं.

त्या रात्री आईला देवनागरीत एसएमएस केला: 'आई, पोचले. जेवले. काळजी करू नकोस.' मोजलं. काना-मात्रे, टिंबं, मोकळ्या जागा, सगळं धरून फक्त 33!

दोन मिनिटांत आईचा फोन. "आज माझं मीच वाचलं गं!"