पैसा मोबाईलवर, हिशेब चारचौघांत

आष्टीत आमच्या वस्तीची एक छोटी अभ्यासिका आहे. पुस्तके, वीजबिल आणि गरजू मुलांच्या परीक्षेची फी, एवढाच तिचा संसार. पूर्वी आम्ही पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरायचो. पोटासाठी पुण्या-मुंबईकडे गेलेल्या मुलांची वर्गणी ती गावी आली तरच मिळायची.

2016 साली यूपीआय आले आणि पुढे पानटपरीवरही क्यूआर कोड दिसू लागला. तसा तो अभ्यासिकेच्या भिंतीवरही लागला. आता चाकणच्या कारखान्यात राबणारा पोरगा पगाराच्या दिवशी तिथूनच पन्नास रुपये पाठवतो. रक्कम लहान, पण नेमाने येते. परीक्षेच्या दिवसांत दिवा विझत नाही, हे काय थोडे झाले?

सोय झाली, तशी जोखीमही वाढली. काहीजण म्हणाले, ''सचिवांच्याच नंबरवर पैसे घ्या, बँकेच्या खेपा कशाला?'' मी विरोध केला. माणूस कितीही सचोटीचा असो, समाजाचा पैसा त्याच्या घरखर्चात मिसळला की संशयाला वाट मिळते. आम्ही खेपा घातल्या आणि संस्थेच्या खात्याचाच कोड घेतला. खर्च मात्र दोन सह्यांच्या चेकनेच होतो. मोबाईलवरून एका बोटाने खाते रिकामे होऊ शकते, चेकला दुसरी सही लागते.

खात्याला जोडलेले सिमकार्डही वेगळे ठेवले आहे. कार्यकारिणी बदलली की कपाटाच्या चाव्यांबरोबर तेही नव्या मंडळींच्या हाती द्यायचे. नाहीतर ओटीपी जुन्या माणसाकडे आणि संस्था ताटकळत! विश्वस्त बदलले तर 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याप्रमाणे 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवावे लागते. हे कामही आता ऑनलाईन झाले आहे. वस्तीतली शिकलेली मुलगी फॉर्म भरते, वडीलधारे कागद तपासतात.

पण खुरपणीला जाणाऱ्या आमच्या एका आजीकडे मोबाईल नाही. त्या पदराच्या गाठीचे दहा रुपये देतात आणि पावती मागून घेतात. त्यांच्यासाठी पावतीपुस्तक बंद केलेले नाही. दर महिन्याला बँकेचा उतारा सर्वांसमोर मोठ्याने वाचतो, रोख वर्गणीदारांची नावेही वाचतो. आजी विचारतात, ''माझे धा रुपये कुठं लागले?'' त्याचे उत्तर कोणतेही यंत्र देत नाही. ते आपणच द्यायचे असते.

बंधू-भगिनींनो, आपल्या संस्थेत क्यूआर कोड जरूर लावा. फक्त त्यावर नाव कोणाचे येते, ते आधी पाहा.