हार्ड डिस्क पडली, तर आधी हात आवरा

पावसाळ्यात जव्हारच्या दवाखान्यात येणाऱ्या ज्येष्ठ रुग्णांच्या हातात पूर्वी एक प्लॅस्टिकची पिशवी असे. तिच्यात कडा काळवंडलेले रिपोर्ट, दमट हवेने एकमेकांना चिकटलेले सोनोग्राफीचे कागद आणि रबराने बांधलेले गोळ्यांचे रिकामे पत्रे असत. पिशवी उघडली की कुबट वास येई. पण आत काय आहे, हे निदान दिसे. अलीकडे जव्हार-मोखाड्यातील अनेक घरांत त्या पिशवीची जागा पाकिटाएवढ्या काळ्या डबीने घेतली आहे. ठाण्या-मुंबईला नोकरी करणारी मुले गणपतीला किंवा बोहाड्याला गावी येतात, सारे कागद स्कॅन करतात आणि एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर भरून ठेवतात. एमआरआयच्या, अँजिओग्राफीच्या सीडीही तिच्यावरच उतरवल्या जातात, कारण नव्या लॅपटॉपला सीडी घालण्याची सोयच उरलेली नाही. मग सीडी अडगळीत जातात आणि मोबाइलमध्ये जागा हवी म्हणून तेथील फोटोही पुसले जातात. आई-वडिलांचे सारे संचित त्या एका डबीत गोळा होते आणि आपण त्याला बॅकअप म्हणतो. वस्तुतः तो बॅकअप नव्हेच. बॅकअप म्हणजे मुळाखेरीजची दुसरी प्रत. येथे मूळच तेवढे एक उरलेले असते.

ही डबी मेजावरून खाली पडते, कौलांतून गळणाऱ्या पाण्याने भिजते किंवा वीज येता-जाता बसणाऱ्या झटक्याने बंद पडते. त्या वेळी काय करावे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय करू नये, हे आज आपणांस सांगायचे आहे. आरोग्याच्या पाक्षिकात हा विषय कशाला, असे आपल्या मनात येईल. त्याचे कारण माझ्या रोजच्या कामात आहे.

समजा, रात्री आजोबांच्या छातीत दुखू लागले आणि त्यांना जव्हारच्या पतंगशाह कुटीर रुग्णालयात नेले. ईसीजीच्या आलेखात काही बिघाड दिसतो. तो आजचा आहे की पाच वर्षांपासूनचा, हे एकट्या आजच्या कागदावरून नेहमी सांगता येत नाही. जुना आलेख शेजारी ठेवला की पुष्कळदा क्षणात उलगडा होतो. छातीच्या एक्स-रेमधील डागाचेही तसेच. तो बऱ्या झालेल्या क्षयाचा व्रण असेल, तर कित्येक वर्षे जसाच्या तसा राहिलेला दिसतो. जुना एक्स-रे नसेल, तर त्याच डागासाठी म्हाताऱ्या माणसाला सीटी स्कॅनकरिता नाशिकची वाट धरावी लागते. रक्तातील क्रिएटिनिन वाढलेले आढळले, तर मूत्रपिंडाचा विकार जुना की अचानक उद्भवलेला, हे मागील आकडेच सांगतात. पेसमेकर बसवलेला असेल, तर त्याचा प्रकार कळल्याखेरीज एमआरआय करणे धोक्याचे ठरू शकते. जुना रिपोर्ट ही केवळ आठवण नसते, ते निदानाचे एक साधन असते.

मोखाडा तालुक्यातील एक निवृत्त आश्रमशाळा शिक्षक माझे जुने रुग्ण आहेत. आम्ही सारे त्यांना गुरुजीच म्हणतो. एकदा ते आले तेव्हा रक्तदाब नेहमीपेक्षा बराच वाढलेला, तीन रात्री झोप नाही. गोळी चुकली का, मीठ वाढले का, असे विचारत गेलो. काहीच नव्हते. अखेर खिशातून रुमालात गुंडाळलेली हार्ड डिस्क काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवली. ती कपाटावरून पडली होती. तिच्यात त्यांच्या अँजिओप्लास्टीची कागदपत्रे होती, ते दुःख दुय्यम. दोन वर्षांपूर्वी गेलेल्या पत्नीच्या आवाजातील ओव्या आणि नातवाशी केलेल्या गप्पा तिच्यात होत्या. शेजारचा एक मदतीस तत्पर मुलगा तीन दिवस ती लॅपटॉपला जोडून पाहत होता. आतून टिक्‌टिक्‌ आवाज येत होता. थोडा वेळ थांबून तो पुन्हा जोडी. एका रात्री तर काही शोधणारे सॉफ्टवेअर लावून ती सकाळपर्यंत चालू ठेवली होती.

त्या टिक्‌टिकीचा अर्थ आपण समजून घ्यावा. आपल्यापैकी अनेकांनी ग्रामोफोन पाहिला असेल. हार्ड डिस्कच्या आतही गुळगुळीत, आरशासारख्या तबकड्या असतात. अशा लहान एक्स्टर्नल डिस्कमध्ये त्या बहुधा मिनिटाला 5400 फेरे घेतात. फरक इतकाच, की ग्रामोफोनची पिन तबकडीला टेकते आणि येथील वाचणारे हेड टेकत नाही. केसाच्या जाडीच्या हजारांश भागाहूनही कमी अंतरावर ते हवेच्या थरावर तरंगत असते. डिस्क पडली की हे हेड वाकते, अडकते किंवा तबकडीला घासते. नेमकी जागा न सापडल्याने ते पुनःपुन्हा मागे जाऊन नव्याने प्रयत्न करते. त्याचाच आवाज आपल्याला ऐकू येतो. माहिती त्या तबकडीवरील अतिशय पातळ चुंबकीय थरात असते. घासणाऱ्या हेडखाली तबकडी फिरत राहिली, तर तो थर खरवडला जातो, आणि खरवडून गेलेले परत आणण्याची विद्या कोणाजवळच नाही. हाड मोडलेला हात चोळून, ओढून पाहू नये, हे मी गेली कित्येक वर्षे पाड्यापाड्यांवर सांगत आलो आहे. साधे मोडलेले हाड चोळण्याने रक्तवाहिनीला इजा करते. डिस्कचेही तेच आहे. पडण्याने झालेले नुकसान पुष्कळदा मर्यादित असते. पुढचे आपल्या आटापिट्याने होते.

म्हणून टिक्‌टिक्‌, घरघर किंवा खरखर ऐकू आली, अथवा डिस्क पडल्याचे निश्चित ठाऊक असले, की वायर काढावी आणि पुन्हा जोडू नये. हलवून, कानाशी नेऊन, थापटून पाहू नये. फ्रीजमध्ये ठेवण्याचा एक उपाय लोक एकमेकांना सांगतात. त्याने आत दव धरते, आणि आपल्याकडील आषाढातल्या हवेत तर हमखास. घरी स्क्रू काढून झाकण उघडणे हा सर्वांत वाईट प्रकार. आतील अंतर इतके सूक्ष्म आहे, की धुळीचा एक कण तेथे दगडासारखा आदळतो. शस्त्रक्रियागृहात जशी निर्जंतुक हवा लागते, तशी अशी डिस्क उघडायला धूळविरहित खोली लागते.

आवाज मुळीच नसेल, पडणेही झाले नसेल, तर मात्र घाबरण्यापूर्वी दुसरी वायर आणि दुसरा संगणक लावून पाहण्यास हरकत नाही. कित्येकदा दोष वायरीचाच निघतो. डिस्क दिसते, पण संगणक ‘फॉरमॅट करायचे का’ असे विचारतो, तेव्हा ‘नाही’ म्हणावे. फायली चुकून पुसल्या गेल्या असतील, तर त्या डिस्कवर नवे काहीही साठवू नये. पुसलेली फाईल बहुधा लगेच नाहीशी होत नाही, तिची जागा तेवढी मोकळी म्हणून नोंदली जाते. नवीन काही त्या जागेवर लिहिले गेले, की जुने गेले. जाणकार माणूस प्रथम संपूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रत काढतो आणि शोधाशोध त्या प्रतीवर करतो. मूळ डिस्कवरच सॉफ्टवेअर चालवू पाहणाऱ्याला नम्रपणे नकार द्यावा.

भिजलेल्या डिस्कविषयी एक गोष्ट आपल्याला उलटी वाटेल. 26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि तळमजल्यांवरील कपाटे-संगणक गढूळ पाण्यात गेले. तशा प्रसंगी आपला हात आधी केस वाळवण्याच्या यंत्राकडे किंवा तांदळाच्या डब्याकडे जातो. ते करू नये. पाणी वाळते; पण त्यातील माती व क्षार तबकडीवर घट्ट बसतात. भिजलेली डिस्क ओलसर स्थितीतच हवाबंद पिशवीत घालून लवकरात लवकर तज्ज्ञाकडे न्यावी. उन्हात तर मुळीच ठेवू नये.

नीट हाताळले तर काय साधते, याचे एक उदाहरण आपल्या कल्पना चावलांशी निगडित आहे. 1 फेब्रुवारी 2003 रोजी कोलंबिया यान परतीच्या वाटेवर आकाशात विखुरले आणि सातही अंतराळवीर गेले. काही महिन्यांनी टेक्सासमधील एका आटलेल्या तळ्यात, जळून कोळसा झाल्यासारखी दिसणारी एक हार्ड डिस्क सापडली. तिच्यात झेनॉन वायूवरील एका प्रयोगाच्या नोंदी होत्या. तज्ज्ञांनी तबकड्या स्वच्छ करून दुसऱ्या डिस्कच्या सांगाड्यात बसवल्या आणि सुमारे 99 टक्के माहिती परत मिळाली. 2008 मध्ये त्या प्रयोगाचा निबंधही प्रसिद्ध झाला. डिस्क अर्धीच भरलेली होती आणि तबकड्यांवरचे घाव रिकाम्या भागावर पडले होते, हे त्यातील नशीब. पण तिला कोणी घरी जोडून रात्रभर चालू ठेवले नव्हते, हेही विसरू नये.

गुरुजींची डिस्क नाशिकला गेली. मोखाडा-त्र्यंबक रस्त्याचे खड्डे लक्षात घेऊन ती स्पंजमध्ये गुंडाळून, मांडीवर धरून न्यायला सांगितले होते. तेथे दोन तबकड्यांपैकी एक बरीच खरवडलेली निघाली. लग्नांचे बरेचसे फोटो परत आले. बाईंच्या ओव्या आल्या नाहीत. ही बातमी सांगण्याचे काम माझ्याकडे आले, आणि एखाद्याच्या निधनाची वार्ता सांगताना जसे आपण आधी खुर्ची पुढे सरकवतो, तसेच ते मला करावे लागले. मुलांनी आई-वडिलांच्या अशा दुःखाला ‘फोटोच तर होते’ म्हणून उडवून लावू नये. ज्या घरात स्मृतिभ्रंशाचा रुग्ण आहे, तेथील काळजीवाहकांना तर ठाऊक असते, की ओळखीचा आवाज किंवा जुना फोटो अस्वस्थ संध्याकाळ कशी शांत करतो.

यानंतर आम्ही वेगळ्या दिशेने शोध घेतला, आणि माझ्या मते तो अधिक फळणारा असतो. हरवलेली माहिती आणखी कोठे कोठे असू शकेल, याची यादी केली. गुरुजींच्या मेव्हणीच्या मोबाइलवर, जुन्या व्हॉट्सॲप संदेशांत, बाईंच्या चार ओव्या सापडल्या. नातवाशी केलेल्या गप्पा मात्र गेल्या त्या गेल्याच. अँजिओप्लास्टीची कागदपत्रे रुग्णालयाकडे लेखी अर्ज करून मिळाली. हा हक्क आपल्याला माहीत असावा: 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार दाखल रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे आणि मागणी केल्यावर त्या 72 तासांत द्यायच्या असतात. तीन वर्षे उलटली तरी अर्ज करून पाहावा. अनेक ठिकाणी नोंदी त्याहून जास्त काळ असतात. तपासणी केंद्रे, औषधाचे दुकान, विम्याच्या दाव्याची फाईल, स्वतःचा ई-मेल, इतक्या जागा धुंडाळल्याखेरीज महागडा खर्च पत्करू नये. चौदा अंकी ‘आभा’ क्रमांक काढला असेल, तर जोडलेल्या रुग्णालयांतील नोंदी तेथे पाहता येतात. मात्र पूर्वीचे न जोडलेले कागद त्यात आपोआप येत नाहीत, हे ध्यानात असू द्यावे.

दुकान निवडताना खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा. माहिती न मिळाल्यास किती पैसे द्यावे लागतील, हे आधी विचारावे. शंभर टक्के खात्री देणाऱ्याकडे जाऊ नये. तशी खात्री मी माझ्या रुग्णालाही देत नाही. आणि फोनवरून ‘डेटा परत मिळवून देतो, हे ॲप घ्या, स्क्रीन दाखवा’ म्हणणारा कोणी भेटला, तर फोन ठेवावा. शोकाने व्याकूळ झालेल्या वृद्धांना असे लोक बरोबर हेरतात. पैसे गेलेच, तर विलंब न करता 1930 या क्रमांकावर कळवावे.

आमच्या वारली वस्त्यांत लग्नाची गाणी धवलेरीच्या मुखी असतात आणि एकीकडून दुसरी ती शिकत जाते. एकाच गळ्यावर सारा भार नसतो. आपल्या घरातही प्रत्येक मोलाच्या फायलीच्या तीन प्रती असाव्यात, त्यांतील एक दुसऱ्या घरी, म्हणजे ठाण्याच्या मुलाकडे किंवा नाशिकच्या लेकीकडे. दिवाळीच्या साफसफाईत प्रत्येक डिस्क एकदा उघडून पाहावी. ती हवाबंद डब्यात, ओल शोषणाऱ्या पुडीसह ठेवावी. दिवा लुकलुकत असताना वायर ओढू नये. वीज खेळ करीत असेल, तर त्या दिवशी जोडूच नये.

आणि काही गोष्टी कागदावरच असू द्याव्यात. शेवटचा ईसीजी, शस्त्रक्रियेचे डिस्चार्ज कार्ड, स्टेंट वा पेसमेकरचे कार्ड, चालू औषधांची यादी, ज्या औषधाची ॲलर्जी आहे त्याचे ठळक अक्षरांत नाव. ईसीजीचा मूळ कागद वर्षा-दोन वर्षांत फिका पडतो, म्हणून त्याची झेरॉक्स ठेवावी. हे सारे एका पारदर्शक फोल्डरमध्ये, दाराजवळच्या खुंटीला. रात्री दोन वाजता रुग्णवाहिका येते तेव्हा लॅपटॉप उघडून पासवर्ड आठवायला कोणालाच सवड नसते. पासवर्डचेही तेच, तो घरातील आणखी एका विश्वासू माणसाला ठाऊक असावा, आणि तो कोण, हे आजी-आजोबांनी स्वतः ठरवावे.