163 अंकांची वही

अमर चित्र कथेचा एकेक अंक वाचायचा आणि त्यावर चार ओळी लिहायच्या, हे मी मनावर घेतलं ते शाळेतल्या पत्र्याच्या पेटीमुळं. मुंबईहून सुट्टीला येणाऱ्यांनी दिलेले, रद्दीतून निवडून आणलेले, असे करत करत तिच्यात 163 अंक जमले होते. बरेचसे मराठी, काही हिंदी, थोडे इंग्रजी. मालिकेत चारशेच्या वर अंक निघाले, म्हणजे आमच्याकडं निम्मेही नव्हते. पण होते तेवढे तरी नीट वाचावेत म्हणून दोनशेपानी वही केली. तिच्यात तीन रकाने आखले: गोष्ट, चित्रं आणि पोरांचं मत.

ही मालिका अनंत पै यांनी 1967 साली काढली. दूरदर्शनवरच्या एका कार्यक्रमात शहरातल्या मुलांना ग्रीक देवांची माहिती सांगता आली, पण रामाच्या आईचं नाव सांगता आलं नाही. ते पाहून त्यांना ही कल्पना सुचली. आमच्या माणदेशात ही अडचण नव्हती. पहाटे जात्यावर ओव्या, सप्त्यात कीर्तन, रात्री देवळात पोथी. कौसल्या म्हणजे खालच्या आळीची म्हातारी असावी, इतकी पोरांच्या ओळखीची. त्यामुळं 'राम' वाचताना पोरं मलाच पुढचं सांगायची. त्यांना नवल होतं ते चित्रांचं. आजवर कानांनी ऐकलेला देव डोळ्यांपुढं चालताबोलता झाला होता.

राम वाईरकरांनी काढलेला कृष्ण हातोहात फिरला. 'शिवाजी'चं लेखन भा. रा. भागवतांचं, चित्रं प्रताप मुळीकांची. त्यातले घोडे पोरांनी पाटीवर इतके गिरवले की मी वहीत लिहिलं, "पिना निसटल्या, पानं सुटी झाली. उत्तम अंक." पुस्तक चांगलं की वाईट, हे खेड्यात असंच कळतं. धड राहिलेला अंक बहुधा कुणी उघडलेला नसतो. आसामच्या लाचित बडफुकनचं नाव आमच्याकडं कुणी ऐकलेलं नव्हतं. त्या अंकानंतर ओढ्याच्या वाळूत मोगलांशी लढाया सुरू झाल्या.

साठेक अंक झाल्यावर वस्तीवरचं एक पोरगं पान पुढं धरून म्हणालं, "गुर्जी, राक्षीस समदं काळंच का आस्त्यात?" आणि पानाशेजारी स्वतःचा हात धरून बघायला लागलं. उन्हात रापलेला तो हात. मी म्हणालो, "कृष्णही काळाच की रं." ते म्हणालं, "ह्यात तर निळा हाय."

मला उत्तर सुचलं नाही. मी वहीत चौथा रकाना आखला: 'आपलं कोण?' आणि पहिल्या अंकापासून पुन्हा बसलो. राजे, ऋषी, सेनापती, राजकन्या भरपूर. नांगरणारा, पाणी वाहणारी, मेंढरामागं हिंडणारा बहुधा गर्दीत हात जोडून उभा. एकेक अंक सुटा वाचताना हे जाणवत नाही, कारण प्रत्येक गोष्टीला एक नायक लागतोच. सगळे ओळीनं वाचले की दिसतं. चित्रकारांचा हात मोठा होता, मेहनतही मोठी होती. तरी चौथा रकाना पानामागून पान कोराच जात होता.

मग 'बाबासाहेब आंबेडकर' हातात आला. 1979 चा अंक, चित्रं दिलीप कदमांची. इथं वैरी राक्षस नव्हता, तुमच्याआमच्यासारखीच माणसं होती. आणि लढाई होती पाण्यासाठी, 1927 साली महाडच्या चवदार तळ्यावरची. आमच्या दुष्काळी मुलखात पाण्याची गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. त्यातून वस्तीवरच्या बायकांना तर आपल्या पाणवठ्याच्या जुन्या रीती तोंडपाठ होत्या.

तो अंक त्याच पोरानं घरी नेला. दोन दिवसांचा नियम होता. आठ दिवस झाले तरी परत येईना, तेव्हा मी विचारलं. म्हणालं, "आयला वाचाया येत न्हाई. रोज रातच्याला मी वाचून दावतुया. संपलं की म्हंती, परत वाच."

अंक परत आला तेव्हा त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं होतं, कडा खळीनं चिकटवल्या होत्या. पिना जागच्या जागी. पेटीतला हा एकच अंक असा, जो खूप वाचला गेला आणि तरी धड राहिला.

'पोरांचं मत' या रकान्यात मी लिहिलं, "आईनं कव्हर घातलं." चौथ्या रकान्यात काय लिहायचं ते मी त्यालाच विचारलं. त्यानं पेन घेतलं आणि आपलं नाव लिहिलं.