काही न घडण्याचे यश

राजनैतिक अधिकाऱ्यांविषयीचे कथानक म्हटले की माझ्यासारख्या सेवानिवृत्त शासकीय सेवकाचे कुतूहल जागे होते. ‘द डिप्लोमॅट’ ही २०२३ साली आलेली अमेरिकन मालिका मी मुलांच्या आग्रहाने, मोठ्या अपेक्षेने पाहिली. आखातात ब्रिटिश युद्धनौकेवर हल्ला होतो आणि लंडनला नव्याने आलेली अमेरिकेची राजदूत युद्ध टाळण्यासाठी धडपडते. आरंभ उत्तम होता. कोणत्या शब्दाने आग भडकेल आणि कोणत्या मौनाने ती विझेल, याची जाण त्यात होती. परंतु पहिल्या पर्वाच्या अखेरीस लंडनच्या रस्त्यावर स्फोट होतो, नायिकेचा पती व सहकारी त्यात सापडतात आणि कथा तेथेच थांबते. कोण वाचले, कोण गेले, हे कळायला प्रेक्षकांना २०२४ च्या ऑक्टोबरपर्यंत वाट पाहावी लागली. मनुष्याचे मरण असे टांगून ठेवलेले पाहून मन विटले.

२०१६ च्या सिंहस्थात शाही स्नानाच्या रात्री माझी नेमणूक रामघाटावर होती. क्षिप्रेच्या पायऱ्यांवर लोटलेला जनसागर, येण्याची वाट वेगळी, जाण्याची वेगळी, हरवलेल्यांच्या अखंड घोषणा. पहाटे वरिष्ठांकडे ‘सर्व कुशल’ एवढाच निरोप गेला. त्या दोन शब्दांमागे कित्येक महिन्यांच्या बैठका होत्या. काही घडले नाही, हेच आमचे यश! राजनयाचेही तसेच आहे. पेशवाईत परदरबारी राहणाऱ्या प्रतिनिधीला वकील म्हणत. त्याची खरी कामगिरी कित्येकदा न झालेल्या लढाईत असे. थरारकथेला मात्र हे न घडणे परवडत नाही.

आणि प्रत्यक्षात घडते तेव्हा त्यात थरार कसला? बर्मिंगहॅम येथील भारतीय अधिकारी रवींद्र म्हात्रे यांना ३ फेब्रुवारी १९८४ रोजी, कामावरून घरी परतत असताना, पळवून नेण्यात आले. तिहार कारागृहात फाशीची शिक्षा झालेल्या मकबूल भटची सुटका करावी, ही अपहरणकर्त्यांची प्रमुख मागणी होती. अवघ्या काही दिवसांत म्हात्र्यांची हत्या झाली. ११ फेब्रुवारीला भटला फाशी देण्यात आली. ज्या निर्णयाची किंमत म्हात्र्यांनी दिली, तो घेणे वा बदलणे त्यांच्या हाती नव्हते. ते नित्याप्रमाणे घरी निघालेले एक सेवक होते. त्यांच्या कुटुंबासाठी कथेचे दुसरे पर्व नव्हते.

पुण्यात मुठा नदीवर म्हात्रे पूल आहे, तो त्यांच्याच नावाचा. आपल्या उज्जैनकर मराठी घराण्यांपैकी अनेकांच्या लेकी-सुना पुण्याच्या. जाणेयेणे असतेच. त्या पुलावरून रोज सहस्रावधी माणसे जातात. त्यांतील कितीजणांना म्हात्रे कोण, हे ठाऊक असेल? पुढल्या खेपेस तेथून जाताना सोबतच्या मुलांना एवढे अवश्य सांगावे. मालिका त्यांना कोणीही दाखवील, हे नाव मात्र आपणच सांगायला हवे.